राजाचा मुलगा नव्हता, तरी राजा झाला! लालबागची सुरुवात करणारे तुकोजीराव होळकर

इंदूरला गेलेला मराठी माणूस आधी राजवाडा बघतो, रात्री सराफ्यात खातो आणि दुसऱ्या दिवशी लालबागला जातो. खान नदीच्या काठचा हा महाल. बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकाच्या धर्तीवर ओतून घेतलेले लोखंडी फाटक, आत संगमरवर, झुंबरं, रंगवलेली छतं. स्वयंपाकघर मात्र नदीच्या पलीकडे आणि तिथून महालात यायला भुयारी वाट. बघणारा थक्क होतो आणि साहजिकच विचारतो, हे बांधलं कुणी?

बांधकाम १८८६ मध्ये सुरू झाले आणि १९२१ मध्ये पुरे झाले. सुरुवात तुकोजीराव दुसरे यांच्या काळातली. शेवटचा हात फिरला तो त्यांचे नातू तुकोजीराव तिसरे यांच्या काळात. आजोबा ते नातू असा हा सरळ वारसा दिसतो. पण गंमत अशी, की ज्या आजोबांपासून हा सरळ वारसा सुरू झाला, ते स्वतः कुठल्याही राजाचे पुत्र नव्हते. त्यांना निवडले गेले होते. कोणी निवडले, कसे निवडले आणि त्या निवडीची किंमत त्यांना जन्मभर कशी मोजावी लागली, याची ही हकिगत.

राजा निवडायचा म्हणजे काय?

राजाचा मुलगा राजा, हे आपल्या डोक्यात पक्के बसलेले असते. पण जगात सगळीकडे तसे नव्हते आणि आजही नाही. पोलंडमध्ये दोनशे वर्षांहून अधिक काळ सरदार मंडळी मैदानात जमून राजा निवडत. मलेशियात आजही नऊ घराण्यांचे सुलतान एकत्र बसून आपल्यातल्या एकाला पाच वर्षांसाठी देशाचा राजा करतात. रोमचा पोप तर निवडूनच येतो.

मराठी दौलतीत असे मतदान कधी झाले नाही. पण गादीवरचा माणूस निपुत्रिक गेला, की निवड करावीच लागे. ती करणारे ठरलेले असत. घरातल्या वडीलधाऱ्या बाईसाहेब, भाऊबंद, कारभारी, फौजेचे सरदार आणि पैसा पुरवणारे सावकार. वर पुण्याच्या पेशव्यांकडून वस्त्रे आली म्हणजे शिक्का बसला. १८१८ नंतर पुणे गेले आणि शिक्का इंग्रजांच्या हाती आला. आपल्या भागाने याची झळ फार लवकर सोसली. १८२४ मध्ये कित्तूरचे शिवलिंगरुद्र सर्जा वारले, दत्तक घेतला गेला, धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने तो मानला नाही आणि राणी चन्नम्मांना तलवार उचलावी लागली. थॅकरे लढाईत पडला, पण वर्ष संपायच्या आत कित्तूरही पडले. दत्तकाचा एक कागद मान्य होतो की नाही, यावर तेव्हा आख्खे राज्य टिकायचे किंवा बुडायचे.

होळकरांची गादी आणि तिचा ठरलेला नियम नसणे

होळकरांच्या घरात तर थोरला मुलगा गादीवर, असा नियम सुरुवातीपासून टिकलाच नाही. मल्हारराव १७६६ मध्ये वारले. पुत्र खंडेराव आधीच कुंभेरीला पडलेले. नातू मालेराव वर्षभरात गेले. तेव्हा दत्तक घ्या म्हणणारे होते, दौलत जप्त करा म्हणणारे होते. अहिल्याबाईंनी दोघांनाही दाद दिली नाही. कारभार स्वतःकडे ठेवला आणि फौजेसाठी तुकोजी होळकर यांना निवडले. तुकोजी मल्हाररावांचे पुत्र नव्हते, विश्वासातले सरदार होते. म्हणजे इंदूरच्या गादीचा पुढचा सगळा वंश एका बाईने केलेल्या निवडीतून निघाला.

१७९७ मध्ये हे पहिले तुकोजी गेले आणि चार मुलांत भांडण पेटले. त्यात मल्हारराव पुण्यात मारले गेले, विठोजींना १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने हत्तीच्या पायी दिले. यशवंतराव तलवारीच्या जोरावर उभे राहिले. १८११ मध्ये तेही गेले. १८१७ मध्ये महिदपूरची लढाई हरली, १८१८ च्या जानेवारीत मंदसोरचा तह झाला. इंदूर राजधानी झाली आणि तिथे इंग्रजांचा रेसिडेंट येऊन बसला.

यशवंतरावांचा मुलगा मल्हारराव तिसरा ऑक्टोबर १८३३ मध्ये निपुत्रिक वारला. त्याच्या पत्नी गौतमाबाईंनी मार्तंडराव नावाचे लहान मूल दत्तक घेतले. जानेवारी १८३४ मध्ये मूल गादीवर बसले. पण महेश्वरच्या किल्ल्यात वर्षानुवर्षे कैदेत असलेले हरिराव, म्हणजे त्याच विठोजींचे चिरंजीव, त्यांच्या माणसांनी फेब्रुवारीत सोडवून आणले. फौज आणि लोक त्यांच्याकडे वळले. एप्रिलमध्ये हरिराव गादीवर. तीन महिन्यांत एक राजा बसला, उठला आणि दुसरा आला. इंग्रजांनी काय केले? जो जिंकला त्याला मानले.

हरिरावांनाही मूल नव्हते. त्यांनी लांबच्या शाखेतल्या खंडेरावांना १८४१ मध्ये दत्तक घेतले. ऑक्टोबर १८४३ मध्ये हरिराव वारले. खंडेराव गादीवर आले ते जेमतेम चार महिने. १७ फेब्रुवारी १८४४ रोजी हा कोवळा मुलगाही अचानक गेला. लग्नाचा वारस नाही, दत्तक नाही, जवळचा भाऊ नाही. गादी पूर्ण रिकामी.

कृष्णाबाई मांसाहेबांची निवड

त्या वेळी राजवाड्यात सगळ्यात वडीलधारे माणूस म्हणजे कृष्णाबाई होळकर. यशवंतरावांच्या पत्नी, तिसऱ्या मल्हाररावांच्या मातोश्री. सगळे त्यांना मांसाहेब म्हणत. नवरा गेला, मुलगा गेला, नंतरचे दोन राजे गेले आणि प्रत्येक वेळी दौलत सांभाळायला ही बाई मागे उरली. राजवाड्याजवळचे गोपाळ मंदिर त्यांनीच बांधलेले.

मांसाहेबांनी बोट दाखवले ते भाऊ होळकर यांच्या धाकट्या मुलाकडे. मुलगा दहा वर्षांच्या आसपासचा. नात्याने होळकरच, पण गादीच्या रांगेत त्याचे नाव कुणी धरलेले नव्हते. थोरला मुलगा दत्तक देत नाहीत, हा आपल्याकडचा जुना रिवाज. शिवाय मुलगा लहान म्हणजे कारभार काही वर्षे मांसाहेबांच्याच देखरेखीखाली राहणार. यात स्वार्थ होता असे कुणी म्हणेल, पण शहाणपणही होते. मोठा, तयार माणूस आणला असता तर त्याच्याबरोबर त्याचा गट आला असता आणि १८३४ पुन्हा घडले असते. मार्तंडरावांच्या बाजूची मंडळी अजून जिवंत होतीच. दहा वर्षांपूर्वी एकदा गादीवर बसलेला हा दत्तक परत आणावा, अशी खटपट त्यांनी सुरू केली होती.

आणि शेजारी ग्वाल्हेरचे उदाहरण ताजे होते. तिथे १८४३ च्या फेब्रुवारीत जनकोजीराव शिंदे निपुत्रिक वारले. ताराबाईंनी आठ-नऊ वर्षांच्या भगीरथरावांना दत्तक घेतले, ते जयाजीराव. पण कारभारी कोण यावरून तंटा झाला, इंग्रजी फौज आत शिरली आणि डिसेंबरच्या २९ तारखेला महाराजपूर आणि पनियार अशा दोन लढाया एकाच दिवशी झाल्या. शिंद्यांची फौज मोडली. हे होऊन दोन महिने झाले नाहीत तोच इंदूरची गादी रिकामी पडली. कुणाच्याही छातीत धडकी भरावी अशीच वेळ.

रेसिडेंटाची घाई आणि कलकत्त्याचा राग

इंदूरला तेव्हा रेसिडेंट होते रॉबर्ट हॅमिल्टन. त्यांना मांसाहेबांची निवड पटली. पण कलकत्त्याच्या मनात वेगळेच होते. गव्हर्नर जनरल एलेनबरो यांचे म्हणणे असे, की आता होळकरांच्या गादीवर वंशाचा हक्क सांगणारा कुणी उरला नाही. तेव्हा दत्तकाचा प्रश्नच येत नाही. राजा नेमायचा तो सरकार नेमील आणि तो सरकारची मेहेरबानी म्हणून राजा होईल.

फरक बारीक वाटतो, पण त्यातच सगळे आले. मुलगा तोच, गादी तीच. मात्र मांसाहेबांनी निवडला म्हणून तो राजा, की कंपनीने दिली म्हणून त्याला गादी? पहिले असेल तर दौलत होळकरांची. दुसरे असेल तर ज्याने दिली तो उद्या परतही घेऊ शकतो.

हॅमिल्टननी वरच्या हुकमाची वाट पाहिली नाही. २७ जून १८४४ रोजी भर दरबारात, घराण्याच्या रीतीप्रमाणे, मुलाला गादीवर बसवले. तो तुकोजीराव दुसरे म्हणून ओळखला जाऊ लागला. शहरात आनंद झाला. कलकत्त्याला मात्र संताप. गादी आम्ही देतो, हे जगाला दाखवायची संधी रेसिडेंटाने घालवली म्हणून हॅमिल्टनना कडक ठपका मिळाला.

मग सरकारने कागदावर दुरुस्ती केली. ९ नोव्हेंबर १८४४ ची तारीख असलेले पत्र तरुण महाराजांना गेले. होळकरांचे राज्य तुम्हाला दिले आहे आणि तुमच्या औरस पुरुष संततीकडे ते पिढ्यान् पिढ्या चालेल, असा त्याचा आशय. औरस म्हणजे पोटचा, लग्नाच्या बायकोचा मुलगा. दत्तकाचे नाव त्यात नव्हते. ज्याची स्वतःची निवड दत्तकाच्या रीतीने झाली, त्यालाच दत्तक घ्यायची मुभा ठेवली नाही! पोटी मुलगा झाला नाही तर खेळ संपला.

चार वर्षांत याचा अर्थ सगळ्या महाराष्ट्राला कळला. १८४८ मध्ये साताऱ्याचे आप्पासाहेब वारले, त्यांचा दत्तक डलहौसीने नाकारला आणि शिवछत्रपतींची गादी खालसा झाली. मागोमाग नागपूर आणि झाशी गेली. इंदूर उरले, कारण गादीवर जिवंत राजा होता.

पोरवय आणि सत्तावन्न

मांसाहेबांनी पाच वर्षे कारभार पाहिला. १८४९ मध्ये त्या वारल्या. पुढे हॅमिल्टन यांच्या देखरेखीखाली कारभार चालला. मुलाला मराठी, फारसी, इंग्रजी शिकवले गेले. हिशेबात त्याचे डोके विलक्षण चाले. १८५२ मध्ये पूर्ण अधिकार हाती आले तेव्हा तुकोजीराव सतरा-अठरा वर्षांचे होते.

पाच वर्षांनी खरी परीक्षा आली. हॅमिल्टन रजेवर विलायतेला गेलेले, त्यांच्या जागी ड्युरँड. १ जुलै १८५७ रोजी इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला. पुढे होते सआदत खान, होळकरांच्याच पदरी असलेले. फौज बिथरली. ड्युरँड शहर सोडून निघून गेले. तरुण महाराज दोन्हींकडून कात्रीत सापडले. सैन्य म्हणत होते पुढे या. राजवाड्यात जीव मुठीत धरून आलेली गोरी आणि ख्रिस्ती माणसे होती, ती आमच्या हवाली करा अशी मागणी झाली. तुकोजीरावांनी त्यांना दिले नाही. सैन्यासमोर स्वतः गेले, पण नेतृत्व घेतले नाही. खजिना महूच्या छावणीत पाठवून दिला.

हे त्यांनी इंग्रजांच्या प्रेमाने केले की गादी राखायला? उत्तर त्या १८४४ च्या पत्रात शोधावे लागते. ज्याच्या गादीचा कागद दुसऱ्याच्या कपाटात आहे, तो फार मोकळेपणाने पाऊल टाकू शकत नाही. शेजारच्या अमझेऱ्याचे राजे बख्तावरसिंग उठले आणि १८५८ मध्ये इंदुरातच फासावर गेले. सआदत खान पुढे बरीच वर्षे लपून राहिले, १८७४ मध्ये त्यांनाही फाशी झाली. आज इंदूर या दोघांना हुतात्मा मानते. तुकोजीरावांबद्दल मात्र लोक अजून दोन्ही बाजूंनी बोलतात.

इतके करूनही ड्युरँडने महाराजांवरच संशय घेतला. हल्ल्याला त्यांची आतून फूस होती, असे तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. शिंदे, निजाम यांना बक्षिसादाखल मुलूख मिळाला. होळकरांना १८६१ मध्ये मानाचा किताब मिळाला, मुलूख नाही. हा सल तुकोजीरावांच्या मनातून कधी गेला नाही.

सनद हाती आली

पण सत्तावन्नने एक गोष्ट मात्र घडवली. संस्थाने खालसा करण्याचे धोरण अंगाशी आले, हे लंडनला कळले. १८६२ मध्ये कॅनिंगने देशभरातल्या दीडशेच्या आसपास संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. त्यात होळकरही होते. पोटी मुलगा नसेल तर घराण्याच्या रीतीने दत्तक घ्या, सरकार मान्य करील.

१८४४ च्या पत्राने बंद केलेले दार अठरा वर्षांनी उघडले. महाराजांना तेव्हा मुलगा झालेला होता. १८५९ चे शिवाजीराव. त्यामुळे सनदेची तशी गरज पडली नाही. पण गादी आता मेहेरबानीची राहिली नाही, घराण्याची झाली. कृष्णाबाई मांसाहेबांनी जे रीतीने केले होते, त्यावर कागदाचा शिक्का बसला.

शेटजी महाराज

पुढची पंचवीस वर्षे तुकोजीरावांनी दौलत भक्कम केली. काटकसरी इतके, की लोक राजापेक्षा सावकारच जास्त म्हणत. १८६० च्या दशकात इंदुरात वाफेवर चालणारी कापड गिरणी उभी राहिली, ती सरकारी. पुढे इंदूरला गिरण्यांचे शहर म्हणायची जी सवय पडली, तिची सुरुवात इथे. १८७० च्या सुमारास त्यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांसाठी. त्यातून खंडवा ते इंदूर रेल्वे झाली, होळकर स्टेट रेल्वे. ज्यांनी गादी दिली असे म्हणत, त्यांनाच महाराजांनी व्याजाने पैसे दिले!

दक्षिणेत आणि इतरत्र विखुरलेला मुलूख देऊन त्यांनी बदल्यात नर्मदेकाठचे बडवाह, कसरावद, मंडलेश्वर हे परगणे घेतले. राज्य सलग झाले. जमिनीची मोजणी झाली, सारा वाढला. खजिना भरला, पण शेतकऱ्याच्या पाठीवर ओझे पडले, हेही खरे. सर टी. माधवराव यांच्यासारखा दिवाण त्यांनी १८७३ मध्ये आणला. दोन वर्षांत माधवराव बडोद्याला गेले. कारण तिथेही गादीचा घोळ झाला होता. मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी काढले आणि जमनाबाईंनी नाशिककडच्या कवळाणे गावातल्या शेतकरी घरातला मुलगा दत्तक घेतला, ते सयाजीराव. आपल्या कोल्हापुरात १८८४ मध्ये तेच. आनंदीबाई राणीसाहेबांनी कागलच्या घाटग्यांचा मुलगा दत्तक घेतला, ते शाहू महाराज. मराठी संस्थानांतले नावाजलेले राजे पाहिले तर किती जण असे निवडून आलेले निघतात!

लालबाग आणि त्यानंतर

१८८६ मध्ये खान नदीकाठी लालबागचे काम सुरू झाले आणि त्याच वर्षी १७ जूनला तुकोजीराव वारले. तीन दिवसांनी, २० जूनला, ग्वाल्हेरला जयाजीराव शिंदे गेले. वर्षभराच्या अंतराने निवडले गेलेले दोन मुलगे तीन दिवसांच्या अंतराने गेले.

इंदूरला निवड करावी लागली नाही. पोटचा मुलगा गादीवर आला. पण निवडीची कटकट गेली म्हणून गादी सुरक्षित झाली, असे झाले नाही. शिवाजीरावांना १९०३ मध्ये गादी सोडावी लागली. लालबाग पुरा करणारे तुकोजीराव तिसरे यांच्यावरही, मुंबईतल्या बावला खून प्रकरणानंतर, चौकशी की गादी असा प्रसंग आला आणि १९२६ मध्ये त्यांनी गादी सोडली. पुढे आले यशवंतराव दुसरे. त्यांच्या पत्नी संयोगिताबाई कागलच्या. शाहू महाराजांनी मराठा आणि धनगर घराण्यांत सोयरीक जुळवायचा जो निर्धार केला होता, त्यातले हे लग्न. कागलची लेक अशी होळकरांची सून झाली.

संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. १९६१ मध्ये यशवंतराव वारले तेव्हाही वारस कोण, याचा निर्णय सरकारनेच केला. फक्त कलकत्त्याऐवजी दिल्लीने. घटनेप्रमाणे राष्ट्रपती ज्याला मान्य करतील तो संस्थानिक. मान मिळाला कन्या उषाराजे यांना. १९७१ च्या घटनादुरुस्तीने ती मान्यताही सगळ्यांचीच संपली.

लालबागहून परत राजवाड्याकडे येताना वाटेत नदीकाठी कृष्णपुऱ्याच्या छत्र्या लागतात. बहुतेक जण पुलावरूनच बघून पुढे जातात. त्यातली एक छत्री कृष्णाबाई मांसाहेबांची, शेजारची तुकोजीराव दुसरे यांची, तिसरी शिवाजीरावांची. जिने निवडले ती, जो निवडला गेला तो आणि ज्याला निवडावे लागले नाही तो, तिघे एका ओळीत. लालबागचे फाटक पाहून झाल्यावर दहा मिनिटे इथेही थांबावे. लालबागची हकिगत खरी इथून सुरू होते.